वाचक विचारतात : फोर्सिथ कुठून सुरू करू?

प्रश्न : सर, स्कॉटिश दिग्दर्शक बिल फोर्सिथ यांच्या विनोदी चित्रपटांत काही घडतच नाही, असं मित्र म्हणतात. बघू का? आणि कुठला आधी?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : जरूर बघा. तुम्ही मंगळवार पेठेतले, म्हणजे शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल रक्तातच. तेव्हा ‘ग्रेगरीज गर्ल’पासून (१९८१) सुरुवात करा. शाळेच्या संघात एक मुलगी येते, ग्रेगरीची जागा घेते. त्याला गोलात उभं करतात, आणि हा पोरगा तिच्याच प्रेमात पडतो! राग नाही, सूड नाही.

मग ‘लोकल हीरो’ (१९८३). तो माझा जीव की प्राण. अमेरिकन तेल कंपनीचा माणूस स्कॉटलंडमधलं अख्खं गाव विकत घ्यायला येतो. गावकरी विकायला एका पायावर तयार. अडतो तो किनाऱ्यावर झोपडीत राहणारा एकटा म्हातारा. कंपनीच्या मालकाला (बर्ट लँकेस्टर) वेड आकाशाचं. एका रात्री आकाशात रंग उधळतात, आणि आपला गडी, तो कंपनीचा माणूस, लाल टेलिफोन बूथमधून मालकाला ते दृश्य सांगायला लागतो. शब्द पुरत नाहीत, तरी सांगत राहतो. तिथं माझे डोळे दरवेळी भरतात.

शेवटच्या दृश्यातही तोच बूथ आहे. उठू नका, कान देऊन ऐका.