हत्यारपेटी : मधमाशी पाहून चाकू घेऊ नका

प्रश्न : काका, माझी मुलगी फ्रान्समध्ये तुलूझला शिकते. दिवाळीला येताना ती बाबांसाठी लाकडी मुठीचा, खिशात मावणारा चाकू आणणार आहे. बागेत द्राक्षाचा घड काढायला, घरी फळं कापायला. तिने दुकानातून फोटो पाठवले. सगळ्यांवर ‘लायोल’ कोरलंय, सगळ्यांवर मधमाशी आहे, पण एक १५ युरोला आणि एक १५० ला! एवढा फरक कशाचा? आणि नेमकं बघायचं काय?
– एक वाचिका, तासगाव

उत्तर : ताई, फोटोवरून हे कळायचं नाही. चाकू हातात घ्यावा लागतो. लेकीला हे उत्तर वाचून दाखवा आणि दुकानात परत पाठवा.

लायोल हे आव्हेरों जिल्ह्यातलं, ओब्राकच्या पठारावरचं गाव. गुराख्यांचा हा चाकू तिथे १८२९ च्या सुमारास घडला. पुढे बरंचसं काम तिएर या चाकूवाल्यांच्या शहरात गेलं आणि १९८७ मध्ये गावात पुन्हा कारखाना उभा राहिला. दोन्हीकडे उत्तम माल बनतो. पण हे नाव चाकूच्या घडणीचं होऊन बसलं आणि वर्षानुवर्षं कुठल्याही देशात ओतलेल्या मालावर ते ठोकलं गेलं. मधमाशीचंही तेच. त्यामुळे कोरलेलं नाव सोडून द्या.

मी स्वतः फसलोय, म्हणून जरा तावातावाने लिहितोय. १९९६ मध्ये कंपनीने मशीन तपासायला ग्रनोबलला पाठवलं होतं. परतताना स्टेशनजवळच्या दुकानातून एक लायोल घेतला. टूलरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस मी, तरी मधमाशीच बघत बसलो. मे महिन्यात हापूस कापायला घेतला तर प्रत्येक फोडीला सालीचा एक दोरा लोंबायचा. भिंग लावून पाहिलं, तर धारेच्या मधोमध बारीक दाता पडलेला. या चाकूला लॉक नसतो. पाठीतली स्प्रिंगच पातं धरून ठेवते. मिटताना पातं खटकन आत सोडलं की धार त्याच स्प्रिंगवर आपटते. चांगल्या लायोललाही हाताने सोबत करत अलगद मिटवायचं असतं. माझ्या चाकूचं पोलाद मऊ होतं, स्प्रिंग वेडीवाकडी होती आणि मला रीत माहीत नव्हती. तिन्ही दोष एकत्र आले. जुलैत मुठीचं लाकूड पितळी पट्टीपासून सुटलं, आणि ओल्या फडक्याने पुसली तर फडकं तपकिरी. लाकूड रंगवलेलं होतं.

आता लेकीचं काम. दुकानदाराला विचारून चाकू उघडावा आणि पात्याचं टोक चिमटीत धरून आडवं हलवावं. पातं ज्यावर फिरतं त्या खिळीपाशी ‘टकटक’ जाणवली तर तो चाकू तिथेच ठेवावा. नव्या चाकूत खेळ असेल तर वर्षभरात तो खुळखुळा होणार. मग मिटवून वरून बघावं : पातं दोन्ही पट्ट्यांच्या बरोबर मध्ये बसलंय की एका अंगाला घासतंय? नंतर चाकू खिडकीकडे धरून लाकूड आणि पितळ यांच्यामधून उजेड दिसतो का पाहावं. आम्ही फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालायचो, तिथे नख पुरे. पाठीवरून नख फिरवलं तर स्प्रिंग आणि पट्ट्या एका पातळीत लागल्या पाहिजेत, उघडा असताना आणि मिटलेला असताना, दोन्ही वेळा. बहुतेक स्वस्त चाकू इथेच नापास होतात. कारण दोन्ही स्थितींत पातळी साधायची तर प्रत्येक नग हाताने घासून जुळवावा लागतो. १५० युरोतले बरेचसे त्या वेळेचे असतात.

मधमाशी बघायचीच असेल तर तिची मुळं बघा. चांगल्या कामात बऱ्याचदा ती स्प्रिंगच्याच पोलादातून घडवलेली असते. हलक्या मालात वेगळी करून डागलेली असते आणि तिच्या बुडाशी जोडाची रेघ दिसते. पाठीवरची नक्षी हाताने कानशीने केलेली असेल तर ती किंचित असमान असते. माझ्या मते तीच खरी सही. मुठीतल्या खिळ्यांवरून बोट फिरवावं, काही टोचता कामा नये. लाकडाची रेषा मुठीच्या कडेवरून वळून पलीकडे जाते का तेही पाहावं. ऑलिव्ह किंवा जुनिपर घ्यावं, जुनिपरला तर छान वास येतो.

पण खरं सांगू? बागेसाठी ओपिनेल या साध्या फ्रेंच चाकूचा आठ नंबर घ्या. पातं साडेआठ सेंटिमीटर, बीच लाकडाची मूठ आणि लॉकची फिरती कडी (ती १९५५ पासून आहे). किंमत त्या १५ युरोवाल्या नकली लायोलइतकीच. तिथे एवढंच बघायचं : उघडून कडी फिरवली की ती शेवटच्या टोकाआधीच घट्ट व्हावी आणि मुठीतली रेषा लांबीला समांतर असावी. कडीजवळ रेषा तिरपी गेली असेल तर लाकूड तिथेच चिरतं. आणि पातं स्टेनलेस घ्या. कार्बनच्या पात्याला धार सुरेख लागते, पण कैरी कापली की ते काळंनिळं पडतं, फोडींनाही लोखंडाची चव येते, आणि मग घरात बोलणी कोणाला बसतात ते तुम्हाला माहीत आहे.

विमानात चाकू हातातल्या पिशवीत नको. चेक-इनच्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून.

प्रश्न : माझा ओपिनेल पावसाळ्यात उघडतच नाही. पक्कड लावू का?
– एक वाचक, दापोली

उत्तर : पक्कड लावलीत तर पात्यावर ओरखडे आणि बोटावर टाके. लाकूड फुगून मुठीतली पात्याची खाच आवळली आहे, चाकू बिघडलेला नाही. कडी मोकळी करा आणि मुठीचा मागचा कोपरा टेबलाच्या कडेवर टकदिशी आपटा, पातं थोडं बाहेर येईल. ओपिनेल जिथला, त्या फ्रान्समधल्या साव्हाचे लोक हेच करतात. मग उघडाच ठेवून आठवडाभर फ्रीजमागच्या उबेत वाळू द्या. पूर्ण सुकल्यावरही घट्ट वाटला तरच खाचेत पॉलिश पेपर दुमडून दोन-चार हात मारा. ओल्या लाकडाला घासू नका, नाहीतर डिसेंबरात पातं डुगडुगेल. शेवटी खाचेत जवसाचं तेल लावा. तेलाचं फडकं मात्र चुरगाळून टाकू नका, दोरीवर पसरून वाळवा. बोळा केला तर ते आपोआप पेटू शकतं.