एटीएम, पेट्रोल पंप, सिग्नल: वाचकांच्या शंका

प्रश्न: एटीएमला काहीतरी जोडून नोटांचा पाऊस पाडणारे व्हिडिओ खरे असतात का? (विद्यार्थी, सांगली)

बहुतेक व्हिडिओ बनावटच. पण प्रकार घडलेला आहे. २०१० साली लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट या संगणक-सुरक्षेच्या परिषदेत न्यूझीलंडचा हॅकर बार्नाबी जॅक याने मंचावर दोन एटीएम ठेवली आणि दोन्हींना नोटा ओकायला लावल्या. एकात तो दुरूनच शिरला. दुसऱ्याची वरची पेटी त्याने इंटरनेटवर विकत मिळणाऱ्या किल्लीने उघडली आणि यूएसबीतून स्वतःचा प्रोग्राम घातला. नोटांच्या तिजोरीला हात लावावा लागलाच नाही. वरच्या पेटीत संगणक असतो, खालची तिजोरी त्याचा हुकूम मुकाट पाळते. तिजोरी पोलादी आणि संगणकाला टेबलाच्या खणाचं कुलूप, अशी ती तऱ्हा होती.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ११ ऑगस्ट २०१८ ला हल्ला झाला, तेव्हा तर एटीएम फोडायचा प्रश्नच नव्हता. आपण कार्ड घातलं की 'पैसे देऊ का?' ही विचारणा स्विचमार्फत, म्हणजे निरोप पुढे पोचवणाऱ्या संगणकामार्फत, बँकेच्या मूळ यंत्रणेकडे जाते. चोरांनी मध्येच खोटा स्विच उभा केला आणि तो प्रत्येक विचारणेला 'द्या' म्हणत सुटला. क्लोन म्हणजे नक्कल केलेल्या कार्डांवर २८ देशांतून पैसे निघाले. दोन दिवसांनी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यामार्फत हाँगकाँगला वळवलेली रक्कम धरून आकडा ९४ कोटींच्या वर गेला. अशा वेळी तुमचा पिन तुम्ही कितीही जपलेला असो, काही फरक पडत नाही.

प्रश्न: २०० ऐवजी २१० रुपयांचं पेट्रोल मागितलं की चिपवाल्या पंपावर फसवणूक टळते, हे खरं का? (गृहिणी, नाशिक)

नाही हो. पंपातून इंधन वाहतं तसे आतला पल्सर विजेचे ठोके मोजून पाठवतो आणि त्यावरून डिस्प्लेवरचे लिटर चढतात. बेकायदा चिप हे ठोके वाढवते. म्हणजे चोरी टक्क्यांत होते. रक्कम गोल असो वा तिरकी, तेवढीच कात्री लागते. २०१७ मध्ये लखनौला अशा रिमोटवर चालणाऱ्या चिप सापडल्या आणि त्याच वर्षी ठाणे पोलिसांनी आपल्याकडच्या पंपांवरही छापे घातले. संशय आला तर पंपावरचं ५ लिटरचं प्रमाणित माप मागा, ते दाखवणं पंपचालकावर बंधनकारक आहे. मात्र रिमोटवाली चिप मापापुरती बंदही करता येते, म्हणून वजनमापं तपासणाऱ्या सरकारी वैधमापन विभागाकडे तक्रार करणं जास्त उपयोगाचं. सील तुटलंय का, हे तेच लोक पाहू शकतात.

प्रश्न: रिमोटने सिग्नल हिरवा करता येतो का? (रिक्षाचालक, ठाणे)

हुकूम कुणाचा हे न तपासणारी यंत्रणा असेल तर असं घडू शकतं, पण तुमच्या नाक्यावर या भानगडीत पडू नका. पोलंडमधल्या वूच शहरात २००८ साली १४ वर्षांच्या मुलाने टीव्हीच्या रिमोटमध्ये फेरफार करून ट्रामचे रूळ बदलले. चार ट्राम घसरल्या, बारा जण जखमी झाले. रूळ बदलणारी यंत्रणा इन्फ्रारेड इशारा आला की ऐकायची. पाठवणारा चालक आहे की शाळकरी पोर, हे विचारायची सोयच नव्हती. डॅलसमध्ये एप्रिल २०१७ मध्ये असेच कुणीतरी रेडिओवरून शहराचे धोक्याचा इशारा देणारे १५६ भोंगे मध्यरात्री वाजवले.

प्रश्न: मला हे सगळं शिकायचंय, पण पोलिसांची भीती वाटते. (डिप्लोमा विद्यार्थी, पुणे)

भीती रास्त आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय यंत्रणेत शिरलात तर भरपाई मागता येते. त्यात लबाडीचा हेतू दिसला की कलम ६६ लागतं आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'फक्त बघत होतो' हे कोर्टाला पटवणं तुमच्यावर येऊ नये. त्यामुळे स्वतःच्या मालकीचंच यंत्र उघडा. तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात किंवा भंगारात जुना राउटर मिळाला तर घ्या, बोर्डावरच्या सीरियल पिना, म्हणजे संगणकाला जोडून राउटरचे संदेश वाचता येतात त्या पिना, शोधा, तो सुरू होताना काय बडबडतो ते संगणकावर वाचा. दुसऱ्याच्या यंत्रणेतली त्रुटी सहज नजरेस पडली तर सर्ट-इन या सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेला कळवा, मित्रांच्या ग्रुपवर टाकू नका. आणि सेट-टॉप बॉक्स उघडणार असाल तर प्लग काढल्यावरही थोडं थांबा. आतला मोठा कपॅसिटर चांगलाच झटका देतो.