विमान भरून येतं की भरून जातं?

प्रश्न: नाताळच्या सुट्टीत आम्ही चौघं, म्हणजे मी, हे आणि दोन मुलं, दिल्ली-आग्रा करून यायचं म्हणतोय. 24 डिसेंबरला निघायचं आणि शाळा उघडायच्या आत परत यायचं. भावोजी सांगतात, घाई नको, शेवटच्या आठवड्यात रिकाम्या सीट पडेल भावात निघतात. शेजारीण म्हणते, मंगळवारी मध्यरात्रीनंतर बघ. पेपरात तर दरवर्षी येतं की नाताळात गोव्याच्या तिकिटांना आग लागते. नेमकं कधी काढायचं?
– एक वाचक, कुडचडे

उत्तर: ताई, पेपरातली बातमी खरी आहे, पण ती तुमची नव्हे. ती गोव्यात येणाऱ्यांची. 20 डिसेंबर उलटला की दिल्ली, मुंबई, बेंगळुरूहून विमानं भरभरून इकडे येतात आणि थर्टी फर्स्ट झाला की तीच माणसं परतीला लागतात. तुम्ही 24 तारखेला पर्यटकांना उतरवून माघारी जाणाऱ्या विमानात बसणार. त्या बाजूला गर्दी कमी, म्हणून भावही नरम. पणजीत तिकिटाच्या काउंटरवर माझी नोकरी झाली. तारीख तीच, विमान तेच, आणि येण्याचा भाव जाण्याच्या दुप्पट, असं डिसेंबरात सर्रास दिसायचं.

तुमचं खरं दुखणं परतीचं आहे. 27 ते 31 डिसेंबरात दिल्लीहून गोव्याला यायचं म्हणजे पर्यटकांच्या रांगेत उभं राहून त्यांच्याच भावाने तिकीट घ्यायचं. 1 जानेवारीला मात्र वारं फिरतं. त्या दिवशी गोव्यातून निघणारं विमान महाग, गोव्याला येणारं त्या मानाने स्वस्त. तेव्हा शाळा नक्की कधी उघडते ते आधी बघा. एक दिवस जास्त राहण्याचा हॉटेलचा खर्च तिकिटातच सुटायची शक्यता आहे. दिल्लीहून पहाटेचं विमान मात्र घेऊ नका. त्या दिवसांत धुक्याने सकाळची विमानं तासन् तास रखडतात. दुपारचं थोडं महाग पडलं तरी चालेल.

आपल्याकडे देशांतर्गत तिकिटं बहुतेक एकेरी भावानेच लागतात. जाण्याचं आणि येण्याचं वेगळं काढलं म्हणून सहसा तोटा नाही. मी तुमच्या जागी असते तर परतीचं चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आसपास काढून मोकळी झाले असते आणि जाण्याचं ऑक्टोबरअखेरपर्यंत थांबवलं असतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून विमानांचं हिवाळी वेळापत्रक लागू होतं, तोवर वेळा आणि नवी विमानं बऱ्यापैकी स्पष्ट होतात. आधी काढलेल्या तिकिटाची वेळ बदललीय का, हेही तेव्हा एकदा तपासा.

भावोजींना माझा नमस्कार सांगा. संध्याकाळी बाजारात बांगड्याचा भाव उतरतो, कारण तो रात्रभर टिकत नाही. विमानाची सीटही टिकत नाही हे खरं, पण शेवटच्या दिवशी ती घ्यायला येतो तो अडलेला माणूस. कुणाचं कोर्टाचं काम, कुणाकडे मयत. तो मागाल ते देतो, हे कंपन्यांना पक्कं माहीत असतं. मंगळवारच्या मध्यरात्रीत तर काहीच नाही, शेजारणीने खुशाल झोपावं. तिकीट कुठल्या वारी काढता यापेक्षा उडता कुठल्या वारी, याला किंमत आहे.

आता चौघांचं तिकीट म्हणून एक गोष्ट. काउंटरच्या पडद्यावर एकाच विमानापुढे अक्षरं आणि आकडे दिसायचे: वाय 9, एम 4, क्यू 2. प्रत्येक अक्षर म्हणजे वेगळा भाव आणि आकडा म्हणजे त्या भावाच्या किती सीट शिल्लक. नवापेक्षा जास्त असल्या तरी पडदा 9 च दाखवायचा. समजा क्यू सर्वांत स्वस्त आणि त्याच्या दोनच सीट उरल्या. तुम्ही एकदम चौघांसाठी शोधलंत तर चौघांनाही एमचा भाव लागतो, क्यूच्या दोन सीट दिसतही नाहीत. म्हणून चौघांसाठी बघा, मग दोघांसाठी बघा. फरक असेल तर दोन-दोन करून काढा. प्रत्येक तिकिटावर एक मोठं माणूस राहू द्या.

तिकिटावर विमानतळाचा कोड नीट वाचा. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. कुडचड्याहून दाबोळी बरं. मोपा म्हणजे पार पेडण्याला, गोव्याच्या दुसऱ्या टोकाला. मोप्याचं तिकीट हजारभराने स्वस्त दिसलं तरी चौघांची बॅगांसकट टॅक्सी ते हजार गिळून वर मागेल. आणि ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, आग्र्याचा दिवस तो वगळून ठरवा.

प्रश्न: मुलगा हैदराबादला नोकरीला. चवथीला येणार, पण रजा अजून मंजूर नाही. तिकीट थांबवू का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर: थांबू नका. चवथीला पावसामुळे पर्यटक तुरळक, पण आपलीच माणसं घराकडे धावतात, तीही आदल्या दोन-तीन दिवसांतच. इथे तुमचा मुलगा गर्दीच्या बाजूनेच येतोय. रजा नाकारली गेली तर किती कापतील ते तिकिटाच्या अटींत वाचून घ्या. मूळ भाडं आणि इंधन अधिभार मिळून होतात त्याहून जास्त कापता येत नाही. तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत द्यावंच लागतं, विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीए या सरकारी खात्याचा तसा नियम आहे. ते मागून घ्या, बरेच लोक सोडून देतात.

परतीचं काढण्याआधी मात्र घरात बसून ठरवा, यंदा गणपती दीड दिवसाचा, पाच की सात, आणि मुलाला आजच कळवा. मुलाने तिकीट काढल्यावर घरच्यांनी दिवस वाढवले, अशी कितीतरी तिकिटं मी दंड भरून बदलून दिलीत.