लॅमिनेशन केलेली चिठ्ठी

पत्र (थोडक्यात): ताई, लक्ष्मीपुरीत माझं दुकान आहे. मिसेस ३६ वर्षांच्या, नऊ वर्षांपासून ल्युपस (अंगाची प्रतिकारशक्ती अंगावरच उलटते तो आजार) आहे. मी त्यांचं औषध एक दिवस चुकू दिलेलं नाही. पुण्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी फाटू नये म्हणून लॅमिनेशन करून घेतली, दर महिन्याला तीच दाखवून गोळ्या आणतो. त्यातली एक गोळी डोळ्यांना वाईट असं वाचलं, ती तेवढी बंद केली. आता तब्येत छान भरलीय, चेहरा गोल झालाय. पण कुठं यायलाच नको म्हणतात. गावच्या म्हाईला पंगतीत मांडी घालून बसल्या नाहीत, खुर्ची मागितली. सगळे बघत राहिले. घरात चिडचिड, जिन्यावर कुरकुर. त्यांना नीट समजावेल असा समुपदेशक कोल्हापुरात सुचवाल का? सोबत चिठ्ठीचा फोटो जोडतो.

उत्तर:

समुपदेशक राहू दे. चिठ्ठीचा फोटो मी मोठा करून पाहिला. तारीख मार्च २०२१. प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड, १० मिलिग्रॅम आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. त्याखाली, सहीच्या जरा वर, डॉक्टरांनी लिहिलंय: ‘६ आठवड्यांनी दाखवणे, लघवी तपासून.’

हेही तुम्ही प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलंत की ओ!

दुकानदार माणूस तुम्ही. रोजमेळ जुळल्याशिवाय शटर ओढत नसाल. गाडीची पीयूसी संपली की चौकात पोलीस धरायच्या आत नवी काढत असाल. आणि बायकोच्या अंगातला हिशेब मात्र २०२१ सालावर थांबवून ठेवलात. लॅमिनेशनवर पेन उठत नाही. ल्युपस चढतो, उतरतो, आज सांध्यात असतो तर उद्या मूत्रपिंडात शिरतो. औषध त्याच्या मागोमाग कमीजास्त करत राहावं लागतं, म्हणून तर सहा आठवड्यांनी बोलावलं होतं.

चेहरा गोल झाला त्याला तब्येत भरली म्हणत नाहीत. ती स्टेरॉइडची सूज आणि चरबी. रोज १० मिलिग्रॅम, चार वर्षंच धरली तरी साडेचौदा ग्रॅमच्या वर गेलं. पहिल्या धडाक्यात आजार आवरायला स्टेरॉइड लागतंच, त्यानं जीव वाचतात. पण कायमचं चालवायचं तर दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या वर नको आणि जमेल तेव्हा तेही हळूहळू बंद करा, असं २०२३ च्या युरोपीय तज्ज्ञांच्या शिफारशी सांगतात. चिडचिडीलासुद्धा हीच गोळी कारण असू शकते.

आता त्या मांडीकडे येते. तुम्हाला चारचौघांत मान खाली गेल्याचं दुःख. मला त्या पंगतीत एक खुबा दिसतो. बरेच दिवस स्टेरॉइड घेतलं की मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, हाड आतून मरत जातं. जांघेत दुखतं, जिना नकोसा होतो, मांडी घालता येत नाही. सुरुवातीला साध्या एक्स-रेत काही दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. वहिनींना हेच झालंय असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पण तुम्ही लिहिलेली लक्षणं वाचून कुठलाही डॉक्टर आधी खुबा तपासेल, स्वभाव नाही.

ल्युपसमध्ये शरीराचं कायमचं किती नुकसान झालं ते मोजायला डॉक्टरांकडे १९९६ पासून एक यादी आहे. मोतीबिंदू, खुबा, मूत्रपिंड, हृदय, फुप्फुस, पक्षाघात, सगळं त्यात येतं. त्या यादीची एक गोष्ट मला फार पटते. नुकसान रोगानं केलं की औषधानं, हे ती विचारतच नाही. झालं ना, मग मोजा. तुम्ही ‘औषध चुकू दिलं नाही’ म्हणता, त्याचा खरा हिशेब तिथं लागतो.

आणि बंद कुठली गोळी केलीत? हायड्रॉक्सिक्लोरोक्विन! दोन्हींतली जी आजार पुन्हा उसळू देत नाही, अवयव राखते, तीच. डोळ्यांची भीती खोटी नाही, पण त्यावर उपाय ठरलेला आहे. वजनाच्या मानानं डोस, सुरुवातीला एकदा पडद्याची तपासणी आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. राखणदाराला काढलंत आणि खर्चिक पाहुण्याला ठेवून घेतलंत.

मूत्रपिंडाचं तर पत्रात नावही नाही, कारण ते दुखत नाही. लघवीतून प्रथिनं जायला लागली तरी बाई चालती-फिरती असते, रक्तातली मूत्रपिंडाची तपासणी, क्रिएटिनिन, तीही बरेच दिवस सरळ येते. फार तर लघवीला फेस दिसतो, पाय सुजतात. म्हणून ‘लघवी तपासून’ हे दोन शब्द होते. खुब्यासाठी दुकानातून पेनकिलर आणत असाल तर ती मूत्रपिंडाला आणखी जड. ती मात्र आजच थांबवा.

स्टेरॉइड मात्र हे वाचून बंद करू नका. एवढी वर्षं बाहेरून मिळाल्यावर शरीर स्वतःचं बनवायचं विसरलेलं असतं, एकदम तोडलं तर जिवावर बेतेल. कमी करायचं ते डॉक्टरांनी.

या सोमवारी दुकान बंद ठेवा. पुणं लांब वाटतं तर कोल्हापुरातल्या संधिवाततज्ज्ञांकडे जा, ते परवडत नसेल तर सीपीआर या सरकारी दवाखान्याची मेडिसिन ओपीडी आहे. सकाळची पहिली लघवी बाटलीत न्या. समजावणारा माणूस शोधताय ना, वहिनींनी खुर्ची मागितली तेव्हा त्यांनी तुम्हाला समजावलंच होतं, तेही साऱ्या गावासमोर. तपासायच्या खोलीत दुखणं त्यांना सांगू द्या, मध्ये बोलू नका. तुम्ही फक्त ती चिठ्ठी टेबलावर ठेवा, आणि शेवटचं कधी दाखवलं होतं असं विचारलं की साल खरं सांगा.