संघ मोडलेल्या मुलीच्या पालकांना उत्तर: स्कॉटलंडच्या कर्लिंगपटू ईव्ह म्युरहेडची कारकीर्द कुठून वाचावी

आपण लिहिले आहे की मुलगी सोळा वर्षांची आहे, कर्लिंगच्या मोसमातल्या शेवटच्या सामन्यात तिच्या हातून अखेरचा स्टोन (बर्फावरून सरकवायचा जड दगड) चुकला, त्यानंतर संघातल्या तिघी दुसऱ्या स्किपकडे, म्हणजे कर्णधाराकडे, गेल्या, आणि ‘ईव्ह म्युरहेड या वयात कुठल्या कुठे पोहोचली होती, मग हिने आता खेळ सोडून अभ्यासाला लागावे का’ हा विषय घरात रोज निघतो. आम्हीही स्कॉटलंडमध्येच राहतो आणि माझी मुलगी नेमकी याच अवस्थेतून गेली आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे. मी प्रशिक्षक नाही आणि निवड समितीच्या बैठकीत काय चालते ते मला माहीत नाही, तेव्हा यातले जे पटेल तेवढेच घ्यावे. खेळाचे नियम, बूट, ब्रश यांत शिरत नाही. ते आपल्याला ठाऊक आहेच.

पहिली गोष्ट म्हणजे वयाची तुलना करू नका. म्युरहेडने 2007 साली कनिष्ठ जागतिक विजेतेपद मिळवले तेव्हा ती सोळा वर्षांचीच होती हे खरे आहे. पुढे 2008, 2009 आणि 2011 मध्येही तिने ते जिंकले. पण तिचे वडील गॉर्डन हे स्कॉटलंडकडून जागतिक स्पर्धा खेळलेले, आणि ग्लेन व थॉमस हे भाऊही कर्लर. ब्लेअर अ‍ॅथलच्या त्या घरात हा खेळ जेवणाच्या पानावर बोलला जात असणार. शाळेच्या एखाद्या शिबिरात पहिल्यांदा बर्फावर पाय ठेवलेल्या आपल्या मुलींना त्याच वयाची मोजपट्टी लावणे अन्यायाचे आहे. आणि तिचाही रस्ता सरळ नव्हताच: 2010 च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकला एकोणिसाव्या वर्षी ती स्किप म्हणून गेली आणि संघ सातवा आला. 2013 मध्ये रिगा येथे ती जगज्जेती झाली, 2014 मध्ये सोचीला कांस्यपदक मिळाले. एवढेच वाचून लोक थांबतात.

माझ्या मते मुलीला वाचायला द्यावा तो भाग 2018 पासून सुरू होतो. प्याँगचँग ऑलिंपिकला कांस्यपदकाच्या सामन्यात जपान 4-3 ने पुढे होते, शेवटचा एंड, म्हणजे शेवटचा डाव, होता आणि अखेरचा स्टोन म्युरहेडच्या हातात होता. एक गुण घेऊन सामना जादा एंडमध्ये नेता आला असता. तिने दोन गुण घेऊन तिथेच जिंकण्याचा फटका निवडला, तो साधला नाही, आणि जपानने 5-3 ने पदक नेले. साऱ्या जगासमोर गेलेला तो स्टोन. त्याच वर्षी तिच्या कमरेच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या काळात तिचा जुना संघही विखुरला. 2021 च्या कॅलगरीतल्या जागतिक स्पर्धेत नव्या संघाला पहिल्या सहांत येता आले नाही, त्यामुळे ऑलिंपिकचा थेट प्रवेश हुकला. त्यानंतर तर ठरलेला चौघींचा संघ असा राहिलाच नाही: नऊ जणींच्या पथकात सगळ्यांना आळीपाळीने एकमेकींबरोबर खेळवले गेले आणि त्यातून पाच निवडल्या गेल्या. जगज्जेत्या स्किपलाही आपली जागा पुन्हा मिळवावी लागली. म्युरहेड, विकी राइट, जेनिफर डॉड्स, हेली डफ आणि राखीव मिली स्मिथ या पाच जणींनी 2021 च्या नोव्हेंबरमध्ये लिलहॅमरला युरोपीय सुवर्ण जिंकले, डिसेंबरमध्ये नेदरलँड्समधल्या लेवार्डनला पात्रता मिळवली आणि फेब्रुवारी 2022 मध्ये बीजिंग ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात जपानला 10-3 असे हरवले. समोरची स्किप सात्सुकी फुजिसावा, म्हणजे 2018 ची तीच. ज्या मुलीचा संघ गेला आहे तिने ही चार वर्षे नीट पाहावीत.

आता आमच्या बाबतीत सर्वांत महागात पडले ते सांगते. कार्यालयाचे नाव घेत नाही. होतकरू खेळाडूंना प्रवासखर्चासाठी मदत देणाऱ्या एका कार्यालयात मुलीचा अर्ज दिला. तो परत आला तेव्हा ‘संघाचे नाव’ या रिकाम्या रकान्याभोवती पेन्सिलने गोल काढलेला होता आणि खाली लिहिले होते, ‘संघ ठरल्यावर पाठवा.’ एकट्या खेळाडूसाठी दुसरा अर्ज आहे का, या प्रश्नाला उत्तर म्हणून पुन्हा तेच वाक्य. प्रशिक्षकांचे शिफारसपत्र जोडले तरी तेच. इकडे मदत मिळणार की नाही हे कळल्याशिवाय कोणी नवा संघ बांधायला तयार नव्हते, आणि तिकडे संघाशिवाय अर्ज हलत नव्हता. या खेपांत स्पर्धांच्या नोंदणीच्या मुदती टळल्या आणि मुलीचा अख्खा मोसम सरावाच्या बर्फावरच गेला. ज्या देशाने नऊ सुट्या खेळाडूंतून सुवर्णपदकाचा संघ उभा केला, तिथल्या एका टेबलावर सुटी खेळाडू ही कल्पनाच मान्य नसावी, याचा मला आजही राग येतो. सगळीकडे असाच अनुभव येईल असे नाही. तरी कुठल्याही कागदाच्या उत्तरावर मुलीचा मोसम अडकवून ठेवू नका, एवढे कळकळीने सांगेन.

वाट पाहण्यापेक्षा तिला मिश्र दुहेरी खेळू द्या. तिथे एकच जोडीदार लागतो, आणि दोघांना मिळून स्टोन टाकणे, त्याच्यापुढचा बर्फ ब्रशने झाडणे, दिशा सांगणे सगळेच करावे लागते. म्युरहेडने बॉबी लॅमीबरोबर 2022 मध्ये जिनिव्हाला मिश्र दुहेरीचे जागतिक विजेतेपद मिळवले, आणि डॉड्सने ब्रूस मोअटबरोबर 2021 मध्ये. स्किपच व्हायचे हा हट्टही तूर्त बाजूला ठेवावा. माझे मत अनेक प्रशिक्षकांना रुचत नाही, पण कनिष्ठ गटात स्किपपदाला नको इतका मान दिला जातो. उत्तम झाडणारी आणि पहिले दोन स्टोन अचूक ठेवणारी मुलगी प्रत्येक संघाला हवी असते.

आणि एक सराव तिला एकटीने करता येईल. सामन्याआधी प्रत्येक संघ हाऊसच्या, म्हणजे बर्फावरच्या लक्ष्यवर्तुळांच्या, मध्यबिंदूवर दोन स्टोन टाकतो, एक घड्याळाच्या दिशेने फिरणारा आणि एक उलट. दोन्हींचे अंतर मोजले जाते आणि त्यावर पहिल्या एंडचा हॅमर, म्हणजे त्या एंडचा अखेरचा स्टोन टाकण्याचा हक्क, कुणाकडे जाणार ते ठरते. कोणालाही हे औपचारिक वाटते. बीजिंगला ब्रिटन (ऑलिंपिकला म्युरहेडचा संघ या नावाने उतरतो), जपान आणि कॅनडा यांचे साखळीत प्रत्येकी पाच विजय आणि चार पराभव होते. परस्परांतल्या सामन्यांनीही कोडे सुटेना, तेव्हा याच मोजलेल्या अंतरांच्या सरासरीवर कॅनडा बाहेर गेला आणि म्युरहेडचा संघ उपान्त्य फेरीत पोहोचला. तिथे स्वीडनने पहिल्याच एंडमध्ये 4-0 अशी आघाडी घेतली होती, तरी सामना जादा एंडमध्ये 12-11 असा जिंकला गेला. मुलीने वहीत रोजची अंतरे दोन्ही दिशांची वेगवेगळी लिहावीत. बहुतेकांची एक बाजू कच्ची असते आणि ती आकड्यांतच दिसते.

अभ्यासाबद्दल इतकेच की दोन्हींपैकी एकच निवडायची वेळ अजून आलेली नाही. विकी राइट परिचारिका म्हणून पाळ्या सांभाळून या पातळीला खेळली. परीक्षेच्या महिन्यांत बर्फ कमी करावा, बंद करू नये. आपल्या क्लबच्या सचिवांना याच आठवड्यात दोन गोष्टी विचारा: राखीव खेळाडू हवी असलेला कनिष्ठ संघ कोणता, आणि मिश्र दुहेरीच्या नोंदणीची शेवटची तारीख कोणती. त्यांचे उत्तर आले की इथे कळवा. अर्जाचा मजकूर लिहायला मी मदत करीन.