इंग्लंडमध्ये घर घेताना सॉलिसिटर कोणता निवडावा: एजंटने सुचवलेला, ऑनलाइन की गावातला?

नमस्कार. तुमच्या प्रश्नातील मुद्दे आधी एकत्र मांडतो, म्हणजे इतरांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. रेडिंगमध्ये ४ लाख पौंडांच्या सेमी-डिटॅच्ड (एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेल्या) घरासाठी तुमची ऑफर मान्य झाली आहे. एस्टेट एजंट त्यांच्या ओळखीचाच सॉलिसिटर (खरेदीचे कायदेशीर काम पाहणारा वकील) घ्या असा आग्रह धरत आहे, एका ऑनलाइन कंपनीचे कोटेशन गावातील फर्मपेक्षा बरेच कमी आहे, डिपॉझिटचा काही भाग तुमचे वडील सांगलीहून पाठवणार आहेत आणि पुण्यात तुमच्या नावावर एक फ्लॅट आहे. माझे मत स्पष्ट आहे: तुमच्या परिस्थितीत गावातील फर्म घ्यावी. मात्र ती केवळ जवळ आहे म्हणून घेऊ नये. तुमची फाइल जी व्यक्ती प्रत्यक्ष हाताळणार आहे, तिच्याशी आधी दहा-पंधरा मिनिटे बोलूनच घ्यावी. मी इंग्लंडमध्ये बरीच वर्षे राहतो आहे आणि ओळखीच्या अनेक मराठी कुटुंबांची घरखरेदी जवळून पाहिली आहे. ज्यांचा व्यवहार रखडला, त्यांच्या बाबतीत फी कमी की जास्त यापेक्षा फोन उचलणारे माणूस नव्हते, हेच कारण बहुतेक वेळा होते.

एजंटच्या आग्रहाचे आधी पाहू. अमुक सॉलिसिटर घेतला तरच घर मिळेल, असे एजंट तुम्हाला सांगू शकत नाही. एजंटची अशी सेवा घेतली नाही म्हणून ग्राहकाशी भेदभाव करणे, हे १९७९ च्या एस्टेट एजंट्स कायद्याखालील नियमांत अनिष्ट प्रथा म्हणून नोंदलेले आहे. पुष्कळ एजंटांना अशा प्रत्येक शिफारशीमागे संबंधित फर्मकडून रेफरल फी मिळते. ती घेणे बेकायदेशीर नाही, पण ती तुम्हाला सांगितली पाहिजे, आणि सॉलिसिटरनेही ती उघड केली पाहिजे. तेव्हा एजंटला लेखी विचारा की या शिफारशीबद्दल तुम्हाला किती रक्कम मिळते. एजंटने सुचवलेली फर्म वाईटच असते असे मी म्हणत नाही. काही फर्म खरोखर चांगल्या असतात. परंतु त्या फर्मला पुढची कामेही त्याच एजंटकडून मिळणार असतात आणि एजंटला व्यवहार लवकर पूर्ण व्हायला हवा असतो. सर्चमध्ये, म्हणजे मिळकतीविषयीच्या सरकारी व इतर नोंदी तपासताना, काही खटकणारे निघाले, तर ‘थांबा, हे आधी समजून घेऊ’ असे सांगायला मोकळा असलेला माणूस आपल्या बाजूला असावा, असे मला मनापासून वाटते.

आता कोटेशनविषयी. डिसेंबर २०१८ पासून सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीच्या नियमांनुसार, घरांच्या खरेदी-विक्रीचे काम करणाऱ्या फर्मना आपल्या दरांची माहिती वेबसाइटवर द्यावी लागते. तरीही दोन कोटेशन शेजारी ठेवताना फर्मची स्वतःची फी, त्यावरील २० टक्के व्हॅट आणि तिसऱ्या पक्षाला द्यावयाचा खर्च, म्हणजे सर्चची व लँड रजिस्ट्रीची (मिळकतींच्या मालकीची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाची) फी, हे तीन भाग वेगळे करून पाहा. स्वस्त कोटेशनमध्ये मूळ आकडा छोटा असतो आणि नंतर भेट मिळालेल्या डिपॉझिटचे शुल्क, बँक ट्रान्सफरचे शुल्क, ओळख पडताळणीचे शुल्क, स्टॅम्प ड्यूटीचा फॉर्म भरण्याचे शुल्क अशी भर पडत जाते. तुमच्या बाबतीत यातील जवळजवळ प्रत्येक बाब लागू होते, म्हणून पूर्ण परिस्थिती सांगूनच अंतिम आकडा मागा. शिवाय ती फर्म तुम्हाला कर्ज देणाऱ्या बँकेच्या पॅनेलवर, म्हणजे मान्य फर्मच्या यादीत, आहे की नाही, हे पहिल्याच फोनमध्ये विचारा. नसेल तर बँक स्वतःसाठी दुसरा वकील नेमू शकते, आणि मग खर्चही वाढतो, वेळही जातो.

पात्रता तपासणे सोपे आहे. हे काम सॉलिसिटर करतात, तसेच लायसन्स्ड कन्व्हेयन्सरही (मिळकतींच्या व्यवहारांचे परवानाधारक तज्ज्ञ) करतात. पहिल्यांवर वर उल्लेखलेल्या अथॉरिटीचे नियंत्रण असते, तर दुसऱ्यांवर कौन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्सचे. दोन्ही संस्थांच्या वेबसाइटवर नाव शोधता येते. लॉ सोसायटी या सॉलिसिटरांच्या संघटनेच्या कन्व्हेयन्सिंग क्वालिटी स्कीमची मान्यता असेल तर उत्तमच. अनेक बँका ती पाहतात. पण ही मान्यता फर्मला मिळते, तुमची फाइल उघडणाऱ्या व्यक्तीला नव्हे. म्हणून पुढचे प्रश्न त्या व्यक्तीलाच विचारावेत: माझी फाइल शेवटपर्यंत तुम्हीच पाहणार का, तुम्ही रजेवर गेलात तर कोण पाहणार, ईमेलला साधारण किती दिवसांत उत्तर देता, आणि मला थेट तुमच्या नंबरवर फोन करता येईल का. उत्तरे गुळमुळीत आली किंवा तुम्हाला केवळ कॉल सेंटरमधील माणसाशीच बोलू दिले, तर दुसरी फर्म पाहा.

गावातल्या सॉलिसिटरचा खरा उपयोग स्थानिक जमिनीच्या आणि गल्लीबोळांच्या माहितीत आहे. रेडिंगचेच उदाहरण घ्या. हे शहर टेम्स आणि केनेट या नद्यांच्या संगमावर वसले आहे, त्यामुळे पुराचा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. पण शहराच्या काही भागांत जमिनीखाली खडूच्या जुन्या खाणी आहेत. कोली भागात २००० साली फील्ड रोडवर जमीन खचून घरांचे नुकसान झाले होते. वर्षानुवर्षे त्याच शहरात काम केलेल्या माणसाला पत्ता ऐकताच अशा गोष्टी आठवतात. दोनशे मैलांवर बसून एका ठरावीक यादीनुसार सर्च मागवणाऱ्या माणसाला त्या अहवालाच्या मधल्या कुठल्यातरी पानावर सापडतील, किंवा नजरेतून निसटतील. नॉटिंगहॅमशायरमध्ये कोळशाच्या खाणी, चेशायरमध्ये मिठाच्या खाणी, कॉर्नवॉलमध्ये कथिलाच्या खाणी, असा प्रत्येक भागाचा आपला इतिहास आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी: तुमचा सॉलिसिटर सहसा घर पाहायला जात नाही. तो कागद पाहतो, जागा तुम्ही पाहता. माझ्या एका मित्राच्या खरेदीत गावातल्या सॉलिसिटर बाईंनी लँड रजिस्ट्रीचा टायटल प्लॅन, म्हणजे ज्यावर मिळकतीची हद्द लाल रेषेने दाखवलेली असते तो नकाशा, त्याला पाठवला आणि सांगितले की हा छापून घेऊन घराच्या मागे उभे राहा, कुंपण आणि लाल रेषा जुळतात का पाहा आणि फोटो पाठवा. तो गेला, तेव्हा विक्रेता ज्या जागेत गाडी लावत होता ती जागा लाल रेषेच्या बाहेर निघाली. ती मागच्या गल्लीची सामाईक जमीन होती. बाईंना त्या रस्त्यावरच्या घरांची ही अडचण आधीपासून ठाऊक होती, म्हणूनच त्यांनी विचारले. पार्किंगचा हक्क नाही हे कळल्यावर किंमत कमी करून घेता आली. तुम्हीही नकाशा हातात घेऊन हे नक्की करा, आणि घराला वाढवलेली खोली, लॉफ्टमधील बांधकाम किंवा नव्या खिडक्या दिसल्या तर सॉलिसिटरला कळवा. बिल्डिंग रेग्युलेशनचे (बांधकाम नियमांनुसार झाल्याचे) प्रमाणपत्र मागायचे की नाही हे त्यावर ठरते. प्रमाणपत्र नसेल तर इन्डेम्निटी विमा (अशा त्रुटीमुळे पुढे होऊ शकणाऱ्या नुकसानीचा विमा) घेण्याचा मार्ग पुष्कळदा सुचवला जातो. त्या आधी उत्साहाने स्वतः कौन्सिलला (स्थानिक पालिकेला) फोन करून चौकशी करू नका, कारण कौन्सिलला कळवल्यानंतर तो विमा बहुधा मिळत नाही.

आता तुमच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचा भाग, ज्याकडे तुम्ही फारसे लक्ष दिलेले दिसत नाही: पुण्याचा फ्लॅट. इंग्लंडमध्ये स्टॅम्प ड्यूटी लँड टॅक्स ठरवताना तुमच्या मालकीची घरे जगात कुठेही असली तरी धरली जातात. १ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनुसार ४ लाख पौंडांच्या घरावर पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ५,००० पौंड कर पडतो आणि सामान्य खरेदीदाराला १०,००० पौंड. पण खरेदीच्या दिवसाअखेर तुमच्याकडे ४०,००० पौंड किंवा त्याहून अधिक किमतीचे दुसरे घर असेल आणि तुम्ही आपले मुख्य राहते घर बदलत नसाल, तर संपूर्ण किमतीवर ५ टक्के अधिभार लागतो आणि तोच कर ३०,००० पौंडांवर जातो. विवाहित जोडप्यापैकी एकाच्या नावावर फ्लॅट असला आणि इथले घर दुसऱ्याच्या एकट्याच्या नावावर घेतले, तरीही एकत्र राहणाऱ्या जोडप्याला हा अधिभार चुकत नाही. गावाकडच्या वडिलोपार्जित घरातील वारसाहक्काचा हिस्साही विचारात घ्यावा लागतो. त्यासाठी काही वेगळे नियम आहेत, जसे की गेल्या तीन वर्षांत वारशाने मिळालेला निम्मा किंवा त्याहून कमी हिस्सा अधिभारासाठी सहसा धरला जात नाही. पहिल्यांदा घर घेणाऱ्याची सवलत मात्र, पूर्वी कधीही आणि कुठेही वारशाने का होईना घर मिळाले असेल, तर जाते.

तुम्हाला मिळालेल्या कोटेशनमध्ये करापोटी कोणता आकडा धरला आहे ते आजच पाहा. कोटेशन आपोआप बनवणारी यंत्रणा तुम्हाला पुण्यातील फ्लॅटबद्दल विचारत नाही आणि तुम्ही सांगितले नाही तर सॉलिसिटरलाही कळत नाही. चुकीचे विवरण भरले गेले, तर कर, व्याज आणि दंड तुमच्याकडूनच वसूल होतो. काही फर्म परदेशातील मालमत्तेच्या बाबतीत करसल्ला देत नाहीत आणि करतज्ज्ञाकडे पाठवतात. त्यात गैर काही नाही, पण हे फी ठरवतानाच कळले पाहिजे. तुम्ही नुकतेच या देशात आला असाल आणि खरेदीपूर्वीच्या बारा महिन्यांत इथला मुक्काम १८३ दिवसांपेक्षा कमी असेल, तर आणखी २ टक्के लागतात, हेही विचारून घ्या.

वडिलांच्या पैशांबाबत सॉलिसिटर तुम्हाला पुष्कळ प्रश्न विचारतील. त्यामागे तुमच्यावरचा अविश्वास नसतो. २०१७ च्या मनी लाँडरिंग नियमांनुसार पैशांचा उगम तपासणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. वडिलांच्या पासपोर्टची प्रमाणित प्रत, मागच्या काही महिन्यांचे बँक स्टेटमेंट, रक्कम कशातून आली याचा कागद, आणि ही भेट आहे, कर्ज नाही, घरात मला हिस्सा नको, असे सही केलेले पत्र एवढे बहुधा लागते. मुदत ठेव मोडली असेल तर तिची पावती बहुधा पुरते. परंतु जमीन विकून पैसे आले असतील, तर खरेदीखत मराठीत असते आणि रेडिंगमधील सॉलिसिटरसाठी त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्यावे लागते. त्याला वेळ लागतो. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतच रक्कम बाहेर पाठवता येते, आणि बँकेचे फॉर्म व करवसुलीची तयारीही तिकडे करावी लागते. म्हणून घर पक्के होण्याची वाट न पाहता वडिलांना कागद गोळा करायला आताच सांगा. पैसे तुमच्या खात्यात येऊन पडल्यावर प्रश्न सुरू झाले, तर एक्स्चेंजची, म्हणजे करारांची देवाणघेवाण होऊन व्यवहार बंधनकारक होण्याची, तारीख हमखास पुढे जाते, आणि एक्स्चेंज होईपर्यंत विक्रेता तुमच्याशी बांधील नसतो. दुसऱ्याने जास्त किंमत दिली तर तो निघून जाऊ शकतो.

गावातला सॉलिसिटर इथेही उपयोगी पडतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. मूळ कागद घेऊन समोर बसता येते, सातबारा म्हणजे काय, वडिलांचे नाव माझ्या नावाच्या मध्ये का आहे, लग्नानंतर पत्नीचे नाव कसे बदलले, हे पाच मिनिटांत सांगता येते. तेच ईमेलवरून समजावताना आठवडे जातात. स्लाव, हॅरो, लेस्टर अशा भागांत भारतीय ग्राहकांची सवय असलेल्या फर्म आहेत. रेडिंगमध्येही आधी कोणाचे असे काम केले आहे का, हे सरळ विचारा.

घर विकणाऱ्यांना एवढेच सांगतो की, सॉलिसिटर ऑफर येण्याआधीच नेमावा आणि मालमत्तेच्या माहितीचा टीए६ फॉर्म आधीच भरून ठेवावा. फ्लॅट लीजहोल्ड (ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्याचा) असेल तर व्यवस्थापन कंपनीकडून माहिती मिळायला वेळ लागतो, आणि लीज ८० वर्षांच्या आसपास आली असेल तर विक्रीआधी सल्ला घेणे आवश्यक आहे. स्कॉटलंडची पद्धत पूर्णपणे वेगळी आहे, तिथे हे उत्तर लागू करू नये.

पैसे पाठवताना फर्मच्या खात्याचा क्रमांक पहिल्या भेटीत कागदावर घ्या. नंतर ‘आमचे खाते बदलले आहे’ असा ईमेल आला, तर तो कितीही खरा वाटला तरी, ईमेलमधल्या नंबरवर नव्हे तर तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय एक पौंडही पाठवू नका. कामाबद्दल तक्रार असेल तर आधी फर्मकडेच लेखी करा. आठ आठवड्यांत समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर लीगल ओम्बुड्समनकडे जाता येते, आणि त्यासाठी वेगळी फी द्यावी लागत नाही.

कम्प्लीशननंतर, म्हणजे पूर्ण पैसे देऊन घराचा ताबा मिळाल्यानंतर, काही महिन्यांनी नोंदणी पूर्ण झाल्याचे कळले की टायटल रजिस्टरची प्रत मागून घ्या. त्यावर मालकांची नावे पासपोर्टवरील स्पेलिंगप्रमाणेच आहेत का, बँकेचे कर्ज बरोबर नोंदले आहे का आणि घर दोघांच्या नावावर असेल तर तुम्ही ठरवलेली सामाईक मालकीची पद्धत दिसते का, हे तपासा. मराठी नावांची स्पेलिंग सहज चुकतात, आणि चूक दिसली तर सॉलिसिटरकडून लगेच दुरुस्त करून घ्या, कारण पुढे घर विकताना किंवा कर्ज बदलताना हेच नाव पुन्हा तपासले जाते.