ऊददाणीतला ‘ऊद’ कुठला?

प्रश्न : आमच्या आजोळी पितळी भांड्यात निखारे घालून ऊद जाळतात. त्या भांड्याला ऊददाणी म्हणतात. या शब्दाचे मूळ काय आणि उदबत्तीशी त्याचे नाते आहे का?

उत्तर : नाते अगदी सख्खे आहे. ‘ऊद’ हा शब्द अरबी असून त्याचा मूळ अर्थ नुसता ‘लाकूड’ असा आहे. पुढे तो अगरूच्या सुगंधी लाकडासाठी रूढ झाला आणि मराठीत तर निखाऱ्यावर पडताच दाट पांढरा धूर सोडणाऱ्या लोबानासारख्या राळेलाही हेच नाव मिळाले. ‘दाणी’ हे फारसी ‘दान’ या प्रत्ययाचे रूप आहे, म्हणजे ठेवण्याचे पात्र. अत्तरदाणी, गुलाबदाणी, पिकदाणी याच घडणीच्या. संस्कृत ‘वर्ति’पासून आलेली बत्ती अरबी ‘ऊद’ला जोडली की उदबत्ती होते आणि संस्कृत ‘अगरु’ला जोडली की अगरबत्ती, म्हणजे ही दोन्ही नावे मुळात एकाच लाकडाची आहेत, आणि हे मला फार मोलाचे वाटते. धुपाटणे मात्र ‘धूप’वरून आले, तेल गेले, तूप गेले की हाती राहते ते हेच. खोलीत सुगंध पसरवणाऱ्या हल्लीच्या ‘डिफ्यूझर’चे मूळ लॅटिनमध्ये असून त्याचा अर्थ ‘ओतून पसरणे’ असा आहे.